सान्निध्य आणि प्रकरण : संदर्भानुसारी यंत्रसेवांविषयी एक विचार

माणसाच्या आज्ञेची वाट न पाहता मोबाईल यंत्रांनी परस्परांत माहितीची देवघेव करावी व तिच्या आधारे प्रसंगोचित सेवा पुरवावी, हा विचार संगणकशास्त्रात आता नवा राहिलेला नाही. १९९४ साली शिलिट आणि थाइमर यांनी संदर्भाची जाण असलेल्या संगणनाची संज्ञा रूढ केली. २००१ साली अनिंद डे यांनी संदर्भाची व्याख्या दिली. व्यक्ती, स्थळ वा वस्तू यांची स्थिती सांगण्यास उपयोगी पडणारी कोणतीही माहिती म्हणजे संदर्भ, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या यंत्ररचनाकाराच्या सोयीची खरी. परंतु संदर्भ म्हणजे माहितीच होय, हे तीत सिद्ध न करता गृहीत धरले आहे. हे गृहीत कितपत टिकते, ते एका उदाहरणावरून पाहू.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या साथीत ॲपल आणि गूगल या कंपन्यांनी संपर्कसूचनेची योजना मांडली. जवळ आलेले फोन ब्लूटूथवरून एकमेकांस सांकेतिक क्रमांक देत. हे क्रमांक काही मिनिटांनी बदलत, आणि ऐकलेल्या क्रमांकांची नोंद १४ दिवस फोनमध्येच राही. बाधित व्यक्तीने संमती दिली, तरच तिचे संकेत सर्व्हरवरून इतरांच्या फोनपर्यंत जात, व प्रत्येक फोन आपल्या नोंदी स्वतः पडताळून पाही. कोण कोणास भेटले, हे मध्यवर्ती सत्तेस कळत नसे. त्याच महिन्यात भारतात आलेल्या 'आरोग्य सेतू'त स्थळाचीही नोंद होत असे; तिच्या मानाने ही रचना अधिक संयमी होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या फोनांना कळत होते काय? केवळ लहरींची तीव्रता व तिचा कालावधी. खिसा, शरीर, धातूचा पत्रा यांमुळे ही तीव्रता बदलते. लीथ आणि फॅरेल यांनी २०२० साली डब्लिनच्या ट्राममध्ये प्रयोग केले. त्यांच्या नोंदींवर स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या नियमांनी एकही सूचना दिली नाही. इटलीच्या नियमाने जवळच्यांपैकी निम्मे ओळखले, परंतु दूरच्यांपैकीही निम्म्यांवर तोच शिक्का मारला. अशी निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखीच होय.

येथे आपल्या शब्दशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, हे सांगताना भर्तृहरीने अन्य शब्दाचे सान्निध्य आणि प्रकरण ही दोन साधने वेगळी मोजली आहेत. जेवणाच्या वेळी 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासास निघताना घोडा. हा निर्णय प्रकरणाने होतो. प्रकरण म्हणजे चालू असलेला व्यवहार, आणि तो त्यात सहभागी झालेल्यासच कळतो. पॉल डूरिश यांनी २००४ साली नेमके हेच सुचविले होते, की संदर्भ कृतीतून घडतो, कृतीबाहेर साठविलेला नसतो. फोनांस सान्निध्य कळले, तेही अंधुक. प्रकरण कळले नाही. खिडकी उघडी होती की नव्हती, तोंडास मुखपट्टी होती की नव्हती, हे त्यांच्या नोंदीत नव्हते.

मग अधिक संवेदक बसवावेत, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्राच्या अज्ञानामुळेच नागरिकाची गोपनीयता राखली गेली होती. गुण आणि दोष यांचे मूळ एकच असल्यामुळे एक काढून दुसरा ठेवता येत नाही. शिवाय चुकलेल्या सूचनेची किंमत यंत्र देत नाही. विनाकारण घरी बसल्याने ज्याची रोजी बुडते, किंवा खोट्या निर्धास्तपणामुळे ज्याच्या घरात रोग शिरतो, त्याला ती द्यावी लागते.

जर्मनीत या सूचना २०२३ मध्ये थांबल्या. योजना संपली, तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही. कारण यंत्रांच्या देवघेवीस 'ज्ञान' म्हणण्याचा प्रघात वाढतच आहे. यंत्रे परस्परांस खुणा देतात. त्या खुणांना प्रकरण पुरविणे हे माणसाचे काम होय. म्हणून अशा सेवेची परीक्षा करताना यंत्रास किती कळते, एवढेच विचारून भागणार नाही. आपल्यास काय कळत नाही, हे ती माणसास सांगते काय, आणि निर्णय त्याच्या हाती ठेवते काय, हेही विचारावयास हवे.