'शोध' कोणाचा?

डिंडोलीत आमच्या शेजारी खानदेशी घरे पुष्कळ. सुटी लागली की उधन्याहून गाडीने जळगाव गाठावे आणि पाहुण्यांना अजिंठा दाखवावा, हा त्यांचा परिपाठ. परतताना हाती बहुधा एखादी माहितीपुस्तिका असते आणि तिच्यात एक वाक्य हटकून आढळते: १८१९ साली जॉन स्मिथ याने लेण्यांचा 'शोध' लावला. या एका शब्दावर आमचा आक्षेप आहे.

मद्रास फौजेतील हा अधिकारी शिकारीच्या नादाने आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि तेथील चित्रावर त्याने स्वतःचे नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडली. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा थर एवढा साचला होता की, ते नाव आज माणसाच्या डोक्यापेक्षा वर दिसते. त्याच लेण्याच्या दर्शनी कमानीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. लेण्याचे मुख वासिष्ठीपुत्र कटहादीने दान दिले, एवढेच तो सांगतो. आपल्या देवळांतही दाता पायरीवर नाव कोरवितो, भक्तांची पायधूळ त्यावर पडावी म्हणून. स्मिथने काय दिले होते?

सातव्या शतकात ह्युएनत्संगाने, ऐकीव का होईना, या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले होते. मग १८१९ साली ती हरवली होती कोणाच्या लेखी?

आदल्याच वर्षी इजिप्तमध्येही असेच घडले. २ मार्च १८१८ रोजी जोवान्नी बेल्झोनी खाफ्रेच्या पिरॅमिडात पोहोचला. पूर्वी सर्कशीसारख्या खेळांत शक्तीचे प्रयोग करणारा हा इटालियन गडी. दफनाच्या दालनातील भिंतीवर त्याने काजळीने भल्यामोठ्या अक्षरांत आपण हे शोधल्याचे लिहिले. मात्र १८२० सालच्या आपल्या ग्रंथात त्याच दालनातील अरबी लेखही त्याने छापला. महंमद अहमद नावाच्या पाथरवटाने हा पिरॅमिड पूर्वीच उघडल्याचे त्यात स्पष्ट आहे. वादीने आपल्याच हाताने प्रतिवादीचा दस्तऐवज दाखल करावा, हे आम्ही कोर्टात क्वचितच पाहिले आहे! शवपेटीत सापडलेले हाड राजाचे नसून बैलाचे ठरले, हेही त्याने दडविले नाही. ग्रंथात बढाई भरपूर आहे. तरी वाचकाला निवाडा करता येईल एवढे कागद लेखकाने पुढे ठेवले आहेत.

आमच्या पुस्तिकांत एवढाही प्रामाणिकपणा नाही. स्मिथनंतर युरोपीय अभ्यासक आले आणि १८४३ साली फर्ग्युसनने या लेण्यांवर लिहिले, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. पुढील आवृत्तीत 'स्मिथ लेण्यात गेला' एवढे छापावे, आणि त्याच पानावर, त्याच्या आधी, कटहादीचे नाव द्यावे.