डिकन्सची 'ख्रिसमस कॅरोल' : बॅले-रूपांतराची मर्यादा

चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधील 'अ ख्रिसमस कॅरोल'वर नॉर्दर्न बॅलेने १९९२ मध्ये नृत्यनाट्य उभे केले. दिग्दर्शन क्रिस्टोफर गेबल यांचे, संगीत कार्ल डेव्हिस यांचे. डिकन्सने प्रकरणांना 'स्टेव्ह' हे गीतातील कडव्याचे नाव दिल्याने संगीताशी या कथेचे नाते मूळचेच आहे. भुतांचे प्रवेशही नृत्याला सहज मानवतात. अडचण येते ती स्क्रूजच्या वाणीपाशी. गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांना तो तुरुंग आणि वर्कहाऊस बंद पडले काय, असे विचारतो. १८३४ च्या 'पुअर लॉ'वरील हा प्रहार अंगविक्षेपांत उतरणे कठीण. (अत्र्यांचा 'कवडीचुंबक'ही संवादांविना कल्पिता येत नाही.) स्क्रूजचा कद्रूपणा मग केवळ स्वभावदोष ठरतो, क्रॅचिटचे आठवड्याचे १५ शिलिंग नृत्याच्या हिशेबात येतच नाहीत.