‘बेकार’ कोणास म्हणावे? : आर्थिक आघात आणि श्रमगणनेची परिभाषा

मराठीत ‘टाळेबंदी’ हा शब्द मूळचा कामगारचळवळीतील होय. संप कामगारांनी करावयाचा आणि टाळेबंदी मालकाने, अशी ही जोडी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानंतर वृत्तपत्रांच्या भाषेत स्थिर झाली. मार्च २०२० मध्ये हाच शब्द सर्व देशाच्या व्यवहारबंदीस लावण्यात आला, आणि त्याची अर्थव्याप्ती एकाएकी पालटली. जुन्या टाळेबंदीत कामगारास कारखान्याचे दार तरी होते. त्या दाराशी बसून त्यास आपला हक्क मागता येत असे. नव्या टाळेबंदीत बहुसंख्य श्रमिकांना बसावयास दार नव्हते. ते गावाकडे चालू लागले.

या आघाताचे माप घेणारी सरकारी परिभाषा मात्र पालटली नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे वार्षिक अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्या काळी जुलै ते जून असे वर्ष धरणाऱ्या या अहवालांत ‘नेहमीच्या स्थिती’नुसार बेकारीचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के, २०१९-२० मध्ये ४.८ टक्के आणि २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के असे दिलेले आहे. म्हणजे ज्या काळात एका तिमाहीचे राष्ट्रीय उत्पादन आधीच्या वर्षाच्या तुलनेने जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले, त्याच काळात बेकारी उतरली! शहरांपुरते आणि आठवड्याच्या हिशेबाने पाहिल्यास चित्र अगदी निराळे दिसते. जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत सुमारे ९ टक्के असलेले प्रमाण पुढील तिमाहीत सुमारे २१ टक्क्यांवर गेले.

दोन्ही आकडे खोटे नाहीत. त्यांतील ‘काम’ या शब्दाचा अर्थ भिन्न आहे. साप्ताहिक स्थितीत सात दिवसांत एक तास काम केलेला मनुष्य कामकरी ठरतो. नेहमीच्या स्थितीत संपूर्ण वर्ष लक्षात घेतले जाते, आणि दुय्यम काम तीस दिवस केले असले तरी ते पुरते. शहरातील नोकरी गमावून गावी परतलेला व भावाच्या शेतात राबू लागलेला मनुष्य त्यामुळे वर्षाच्या हिशेबात बेकार उरत नाही.

तो कोठे गेला, हे त्याच अहवालांतील इतर कोष्टके सांगतात. एकूण कामकऱ्यांत शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता; तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. नियमित पगारदारांचे प्रमाण याच अवधीत २३.८ वरून २१.१ टक्क्यांवर आले. घरच्या उद्योगात वेतनावाचून मदत करणाऱ्यांचे प्रमाण १३.३ वरून १७.३ टक्के झाले. आघाताला भारतीय श्रमबाजाराने दिलेला प्रतिसाद तो हाच होय : कामकऱ्यांची संख्या नव्हे, तर कामाची जात बदलली. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये बेकारीचे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक झाले, कारण तेथे काम सुटलेल्यास बेकारी-भत्त्याचा काही आधार होता आणि त्यामुळे बेकार राहणे त्यास शक्य होते. ज्यास तसा आधार नाही, त्यास बेकार राहणेही परवडत नाही.

येथे शब्दांचा इतिहास उपयोगी पडतो. ‘रोजगार’ हा फारसी शब्द मूळचा काळवाचक. भारतीय भाषांत तो उपजीविकेस चिकटला, आणि मराठीत ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरी असाही अर्थ रूढ झाला. ‘बेकार’ शब्दात अभाव आहे तो कामाचा. काम असून रोज नाही, या अवस्थेला मराठीत फार जुने नाव आहे : वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेल्या या शब्दास पुढे फारसी ‘बिगार’ येऊन मिळाला. कुटुंबातील बिनमोबदला श्रमास वेठबिगार म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यात सक्तीपेक्षा आपुलकी अधिक असते. परंतु त्यास पगारी नोकरीच्या रांगेत बसवून एकाच ‘रोजगार’ शब्दाने संबोधणे हेही सत्याला धरून नाही.

अशा श्रमास गणनेतून वगळावे, असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास प्रथम स्त्रियांचे श्रम अदृश्य होतील. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ३२.५ टक्के झाला. पुढील वर्षांतही ही वाढ थांबली नाही; म्हणून ती केवळ संकटाचे फळ मानणे घाईचे ठरेल. दोष मोजण्यात नाही, एका आकड्यात सर्व सांगण्याच्या हव्यासात आहे. मुंबई विद्यापीठाचे प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच असा अभिप्राय दिला होता की, भारतासारख्या अर्थव्यवस्थेत श्रमबल, रोजगार व बेकारी यांना एकाच परिमाणात बसविणे अर्थपूर्ण नाही. अर्धशतकानंतरच्या आघाताने त्या अभिप्रायाची सत्यता पटवून दिली.

गरज मोजण्याचे दुसरे एक माप महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या व १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप पावलेल्या रोजगार हमी योजनेचे सूत्र ‘मागेल त्याला काम’ असे होते. या सूत्रात ‘बेकार’ हा शब्दच नाही. आहे ते ‘मागणे’ हे क्रियापद. कोण बेकार हे गणकाने ठरवावयाचे नाही. कामावर येणाऱ्याने ते स्वतः सांगावयाचे. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. त्याखाली २०१९-२० मध्ये सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. २०२०-२१ मध्ये ते ३८९ कोटींच्या घरात गेले. बेकारीचा दर उतरत होता त्याच वर्षी खडी व माती उचलण्यास आलेले हात इतके वाढले होते.

श्रमगणनेच्या अहवालाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून दराआधी कामाच्या प्रकारांचे कोष्टक वाचावे. दर सांगतो, किती जणांनी ‘काम नाही’ असे म्हटले. ज्यांना तसे म्हणणे परवडले नाही, ते त्या कोष्टकात सापडतात.