हक्क की हप्ता?

मित्रहो, गेल्या वेळी आपण ‘पुरोगामी’ या शब्दाच्या अर्थापाशी थांबलो होतो. आज जरा अवघड प्रश्न घेऊ. लोक आपल्यापासून दूर का गेले? पैसा, माध्यमं, धर्माचं राजकारण ही उत्तरं आपल्याकडे तयार असतात. ती खोटी नाहीत. पण त्या प्रत्येकात दोष दुसऱ्याचाच निघतो, म्हणून आम्हाला ती अपुरी वाटतात.

१९७२ सालाकडे पाहू. दुष्काळाच्या त्या दिवसांत बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली. विषय जातिअंताचा, पण सुरुवात विहिरीपासून. मुंबईत समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मूल्य एकीकडे आणि गरज दुसरीकडे, अशी फारकत तेव्हा नव्हती. समता आली की नाही, हे बाईला पाणवठ्यावरच कळत होतं.

आणि आज? २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी काय म्हटलं? ‘बायकांनी मतं विकली.’ हे बोलणं आपल्याला शोभलं नाही. जिच्या हातात स्वतःचे म्हणावे असे पैसे कधी नव्हते, तिला त्या रकमेची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

टीका करायची तर ती वेगळ्या जागी करायला हवी होती. रोजगार हमीत मजूर काम मागू शकत होता आणि ते देणं सरकारवर बंधनकारक होतं. तो हक्क होता. हप्ता मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, वाढतो तसा थांबतोही. हा फरक घरोघरी जाऊन समजावायचं काम आपलं होतं. आपण ते केलं नाही, नुसती नाकं मुरडली.

काही मित्र सुचवतात, जात, स्त्रीप्रश्न बाजूला ठेवा, फक्त भाकरीचं बोला. आम्हाला ते पटत नाही. पाणवठ्यातून जातीचा प्रश्न वगळला असता, तर हाती टँकरचं वेळापत्रक तेवढं राहिलं असतं.

तेव्हा ध्येय ठरवताना एवढंच विचारू या: हे ज्यांच्यासाठी आहे, त्यांना ते पूर्ण झालं की नाही हे स्वतः तपासता येईल का? आणि मिळालं नाही, तर हक्कानं मागता येईल का?

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.