निसर्गलेखनातील ऋतुमान आणि तापमानवाढीची साक्ष

मराठी निसर्गलेखनाकडे समीक्षेने आजवर ज्या दृष्टीने पाहिले, ती प्रायः आस्वादाची दृष्टी होती. मारुती चितमपल्ली यांनी वनवाङ्मयाच्या द्वारे मराठीस केवढी शब्दसंपत्ती दिली, किंवा व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘नागझिरा’ मधील गद्य किती संयत आहे, अशा प्रश्नांपाशी आपला विचार थांबत असे. अलीकडे मात्र ह्या ग्रंथांचा एक निराळाच उपयोग होऊ लागला आहे. जुन्या पुस्तकात अमुक पक्षी विपुल आढळतो, आज तो दिसत नाही, सबब हा वाढत्या उष्णतेचा परिणाम होय, असा युक्तिवाद आता वारंवार ऐकू येतो. ललित ग्रंथास साक्षीदार म्हणून उभे करावयाचे असेल तर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे. ती होताना दिसत नाही.

ह्या उलटतपासणीस सालेकसा तालुक्यासारखे सोयीचे स्थळ क्वचितच मिळेल. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेल्या ह्या तालुक्यात एकीकडे धानाच्या बांध्या, बोड्या आणि तळी आहेत, तर दुसरीकडे दरेकसा, हाजरा धबधबा आणि कचारगड ह्यांचा वनमय डोंगरभाग असून त्यापलीकडे छत्तीसगड लागते. चितमपल्लींचे नवेगावबांध व माडगूळकरांचे नागझिरा ही दोन्ही स्थळे ह्याच जिल्ह्यातील होत. (1 मे 1999 पूर्वी हा सर्व प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे; जुन्या ग्रंथांतील उल्लेख वाचताना हे ध्यानी ठेवावयास हवे.) म्हणजे पुस्तकातील भूमी आणि आजची भूमी येथे शेजारी ठेवून पाहता येतात.

प्रथम सारसाचा विचार करू. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच, बाघ आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील धानशेतीच्या आश्रयाने राहिला आहे, आणि अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातील त्याची संख्या चाळिशीच्या आत आली आहे. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ह्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. परंतु सारसाच्या ऱ्हासाची जी कारणे प्रत्यक्ष दिसतात, ती कोणती? शेतातील कीटकनाशके, विजेच्या तारा, बुजत चाललेल्या बोड्या, आणि घरट्यांना होणारा उपद्रव. यांतील एकही कारण हवामानाचे नाही. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारसच, असे जूलिया लेस्ली यांनी 1998 मध्ये साधार मांडले. त्या कथेत पक्ष्याला लागलेला बाण सर्वांना दिसत होता आणि तो कोणी मारला हेही ठाऊक होते. आजचा समीक्षक जेव्हा सारसाचा मृत्यू सरसकट ‘तापमानवाढ’ ह्या शब्दाच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो नकळत निषादाला सोडून देतो आणि उन्हावर खटला भरतो. ही केवळ तर्कदोषाची गोष्ट नव्हे. तार भूमिगत करता येते, विष थांबवता येते. कारण चुकीचे ठरले की उपायही हातचा जातो.

याचा अर्थ हवामानाचा संबंधच नाही असा मात्र नव्हे. 1901 ते 2018 ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले. तथापि सारसाच्या दृष्टीने ह्या अंकापेक्षा पावसाची बदललेली रीत अधिक महत्त्वाची आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 ह्या अवधीत मध्य भारतातील विस्तीर्ण क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. सारस पावसाळ्यात, उथळ पाण्यात घरटे रचतो व बहुधा दोन अंडी घालतो. पाणी हळूहळू चढल्यास तो काडीकचरा घालून घरटे उंच करतो. पण एका रात्रीत बांधी तुडुंब भरली तर ह्या कौशल्याचा उपयोग नाही. उलट पाऊस लांबला तर रोवणी लांबते आणि घरट्यास लागणारे पाणीच मिळत नाही. तेव्हा उष्णता येथे स्वतः घातक नसून, आधीच दुबळ्या झालेल्या संख्येवर पावसाच्या मार्गाने आघात करते असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आता चितमपल्लींच्या लेखनाकडे वळू. पावशाची हाक, टिटवीच्या अंड्यांची जागा, कावळ्याच्या घरट्याची उंची यांवरून पर्जन्यमान ओळखण्याचे लोकसंकेत त्यांनी आस्थेने गोळा केले आणि आयुष्यभर सांगितले. आमच्या मते त्यांच्या लेखनातील, ऋतुमानाच्या अभ्यासकास सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि सर्वांत अडचणीचाही हाच. मोलाचा अशासाठी की प्राण्याचे वर्तन आणि ऋतू यांचे नाते त्यात गृहीत आहे, आणि तापमानवाढीचा घाव नेमका ह्याच नात्यावर पडतो. नेदरलँड्समधील वनांत माशीमार कुळातील एक काळापांढरा पक्षी पश्चिम आफ्रिकेतून वसंतात परततो. त्याच्या प्रस्थानाची वेळ दिनमानावर ठरते, पण त्याच्या पिलांचे अन्न असणाऱ्या अळ्या उष्णतेमुळे आधीच येऊन संपू लागल्या. जेथे अळ्यांचा बहर फार लवकर येतो तेथे 1987 ते 2003 ह्या काळात हा पक्षी सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पक्षी तोच, वनही तेच, केवळ वेळ चुकली. आपल्याकडील पावशा आणि पाऊस यांची गाठ अशी सुटत आहे काय, हा प्रश्न चितमपल्लींच्या पानापानांतून उभा राहू शकतो.

अडचण अशी की त्यांच्या लेखनात पाहिलेले आणि ऐकलेले एकाच स्वरात येते. ललित लेखनाचा तो गुण होय. वनातल्या माणसाचे ज्ञान असेच एकजीव असते आणि ते तसेच उतरविण्यात लेखकाचे सामर्थ्य दिसते. पण साक्षीसाठी वर्ष, महिना, स्थळ लागते, आणि स्मृतिरंजनाच्या ओघात ते पुष्कळदा सुटते. संकेत खरा होता, की पुढे पाऊस पडल्यावर खरा ठरवला गेला, हे अशा पानावरून कळत नाही. माडगूळकरांची बाजू येथे वेगळी आहे. त्यांचा मुक्काम बेताचा, प्रदेश मर्यादित, आणि दृष्टी डोळ्यांपुढच्या वस्तूस चिकटलेली. म्हणून त्यांची साक्ष तोकडी, पण अधिक निर्भेळ.

आणखी एक मुद्दा ग्रंथांत नाही, तो भूगोलात आहे. उष्णता वाढली की जीवजाती उंचीकडे सरकतात, असे हिमालयाविषयी किंवा आल्प्स पर्वताविषयी म्हणता येते. दरेकसा परिसरातील टेकड्या काही शे मीटरांच्या. तेथील प्राण्यास चढून जावयास डोंगर नाही. त्याला गारवा हवा असल्यास तो घळीत, झऱ्यापाशी, दाट छायेतच शोधावा लागणार. ‘वनातील पाणवठा’ हे जे निसर्गलेखनातील नेहमीचे, काहीसे गुळगुळीत झालेले दृश्य, त्याला ह्या दृष्टीने पाहता निराळेच वजन येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे काम करण्याजोगे आहे. मोहाचा बहर, पावशाची पहिली हाक, तळ्यांवरील पाहुण्या पक्ष्यांचे आगमन, असे सर्व उल्लेख ह्या ग्रंथांतून वेचून, ज्यांचा काळ निश्चित करता येतो तेवढेच वेगळे काढावे आणि ते पर्जन्याच्या नोंदींशी ताडून पाहावे. अशा वेळी पक्ष्यांची स्थानिक नावे जशीच्या तशी टिपणे अगत्याचे आहे. ‘करकोचा’ हे एकच नाव निरनिराळ्या लांब पायांच्या पक्ष्यांस लावले जाते. ते घाईने एखाद्या प्रमाण नावात बदलले, तर जो पक्षी तेथे कधी नव्हताच तो नाहीसा झाल्याची नोंद आपण करून बसू.