अर्ध्यावर मिटलेली पुस्तके

पुस्तक अर्धवट का सुटते, या प्रश्नाचे हल्ली एकच ठरलेले उत्तर मिळते: मोबाइलने वाचकाचा धीर खाल्ला. हे उत्तर सोयीचे आहे. त्यात लेखक, प्रकाशक आणि समीक्षक तिघेही सुटतात. भंडारा जिल्ह्यात मात्र ते टिकत नाही. भाऊबीज झाली की इथल्या गावोगावी मंडई भरते, दंडार होते. पुढे शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. कुडकुडत ते पाहणाऱ्यांच्या खिशातही मोबाइल असतोच. मग धीर संपला असे कसे म्हणावे?

वाचक नेमका कुठे थांबतो, हे मोजण्याचा एक गमतीदार प्रयत्न जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकी गणितज्ञाने 2014 साली केला. किंडलवरील वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली वाक्ये पुस्तकाच्या कितव्या भागात येतात, ते त्याने पाहिले. स्टीफन हॉकिंग यांच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'चा आकडा 6.6 टक्के आला, थॉमा पिकेटी यांच्या भांडवलावरील ग्रंथाचा अवघा 2.4, तर डोना टार्ट यांच्या 'द गोल्डफिंच' या जाडजूड कादंबरीचा 98.5. पद्धत ढोबळ होती, हे त्यालाही मान्य होते. तरी एक गोष्ट दिसली: जाडी हे पुस्तक सुटण्याचे पुरेसे कारण नाही. आपल्या वाचनालयांच्या देवघेव नोंदीत तर पुस्तक कधी गेले आणि कधी परत आले, एवढेच कळते.

दुसरे उत्तर भाषेचे. पोळ्याला 'पोरा' म्हणणाऱ्या झाडीबोलीच्या मुलखात प्रमाण मराठी परकी वाटणारच, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. 1992पासून झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरू लागली ती उगाच नव्हे. पण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ची (1967) भाषा संस्कृतप्रचुर आहे, कोणत्याच गावच्या बोलीला जवळची नाही. तरी ती कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या शेवटापर्यंत वाचली गेली.

माझ्या मते खरा प्रश्न खंडाचा आहे. धानाच्या पट्ट्यातला वाचक सलग वाचत नाही. आषाढात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. मास्तर असो की दुकानदार, घरची शेती त्याला सुटत नाही. पुस्तक आठ-आठ दिवस उपडे पडून राहते. नवव्या दिवशी ते उचलल्यावर पुन्हा आत शिरता येते का, यावर त्याचे भवितव्य ठरते. रात्रभराचे नाटक हा खंड सोसते. मध्ये डुलकी लागली, चहाला उठलो, तरी शेजारी बसलेला काय झाले ते सांगतो.

'मृत्युंजय'ही खंड सोसते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या मुखाने बोलतात आणि कथा तर आधीच ठाऊक असते. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या अरण्याविषयी लिहिले, तेव्हा तो परिसर भंडारा जिल्ह्यातच होता. 1999 साली तो गोंदियात गेला. त्यांचे 'रानवाटा'तले ललितलेख कुठूनही उघडावेत. याहून जुना दाखला 'लीळाचरित्रा'चा. चक्रधरांच्या नीळभट्ट भांडारेकार या शिष्याच्या नावातच भंडारा आहे. तेराव्या शतकातला हा गद्यग्रंथ सुट्या लीळांचा आहे. एक लीळा वाचून थांबले तरी हातात काहीतरी पूर्ण उरते.

आता भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (2010) घ्या. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून निघालेला खंडेराव मोरगावाकडे येतो आणि वाटेत माणसांची, जातींची, आठवणींची रीघ लागते. आठवड्याने परतणाऱ्याला कोण कुणाचा कोण, हे उमगत नाही. हा कादंबरीचा दोष म्हणता येणार नाही. अडगळ सरळ रांगेत लावली असती, तर ती अडगळ राहिली नसती. मात्र तिथे अडखळणारा वाचकही आळशी ठरत नाही. सहाशेच्या आसपास पाने एकट्याने, तुकड्यातुकड्याने वाचायची, तर नाटकातल्या त्या शेजाऱ्यासारखे कुणीतरी लागते.

ती जागा समीक्षेची होती. आपली समीक्षा मात्र पुस्तक पूर्ण केलेल्यांनी पूर्ण केलेल्यांसाठी लिहिलेली असते. ती आशयसूत्रे सांगते. वाट कुठे बिकट आहे आणि पुढे जाण्यात काय हशील आहे, हे सांगत नाही. फ्रेंच लेखक दानियल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पुस्तक पूर्ण न करण्याचाही हक्क आहे. तो मान्य करावा. कंटाळवाण्या पुस्तकाला दया दाखवू नये. पण जे पुस्तक वाचकाला हवे होते आणि केवळ सोबत नव्हती म्हणून सुटले, तिथे हक्क बजावला गेला असे म्हणता येत नाही. तिथे वाचक एकटा पडला.

वाचनालयांनी करण्याजोगी गोष्ट साधी आहे. परत आलेल्या पुस्तकासोबत 'कितव्या पानावर थांबलात आणि का?' एवढे विचारावे, एकाच पुस्तकात अडकलेल्या चौघांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे. धानाची कामे उरकल्यावर, पौष-माघात, इथल्या माणसाला रात्र जागवायची सवय आहेच.