संगणनाचे अध्यापन : आज्ञावली आणि ताळा

विज्ञानशाखेच्या पदवी-अभ्यासक्रमात संगणनाला स्थान असावे की नसावे, हा वाद आता संपला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या आकृतिबंधात गणिताच्या द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत ‘पायथन’ या संगणकभाषेचा समावेश झाला, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु संगणन-कौशल्य म्हणजे नेमके काय, हा मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट तो अधिक निकडीचा होतो.

अशा अभ्यासक्रमांची मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी भाषेची अंगे : अक्षरमाला, याद्या, अटी आणि आवर्तने, त्यानंतर रेषीय बीजगणित आणि संख्यात्मक पद्धती. भाषा शिकविण्याच्या दृष्टीने हा क्रम सयुक्तिक आहे. मात्र त्यातून विद्यार्थ्याच्या मनात एक समज नकळत रुजतो, तो असा की, आज्ञावली विनातक्रार चालली म्हणजे उत्तर बरोबर आले. शास्त्राच्या दृष्टीने याहून घातक समज क्वचितच असेल.

सरल आवर्त गतीचे उदाहरण घ्यावे. कोनीय वारंवारता 1 मानून आणि कालाचा टप्पा 0.1 घेऊन ऑयलरच्या पद्धतीने शंभर टप्पे मोजले, तर आज्ञावलीत एकही दोष नसताना ऊर्जा प्रत्येक टप्प्याला 1.01 पट होत जाते आणि अखेरीस मूळच्या सुमारे 2.7 पट भरते. घर्षण नाही, बाह्य बल नाही, तरीही आंदोलक आपोआप बळावतो! टप्पा निम्मा करून तेवढ्याच कालासाठी दोनशे टप्पे मोजले, तर वाढ सुमारे 1.65 पटीवर येते. याउलट, आधी नवा वेग काढून त्याच नव्या वेगाने स्थान काढले, म्हणजे केवळ दोन ओळींचा क्रम बदलला, तर ऊर्जा मूळ मूल्याच्या सुमारे 5 टक्के वरखाली होत राहते, परंतु वाढत जात नाही. यांपैकी कोणत्याही प्रसंगी संगणक तक्रार करीत नाही. तक्रार करावयाची ती विद्यार्थ्याने, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्याच्या मनात जागा असेल तोच ती करू शकेल.

लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर ज्या पिढ्यांनी प्रात्यक्षिके केली, त्यांना हे बंधन साधनानेच घातले होते. कोष्टक फक्त अपूर्णांश देई. पूर्णांश ज्याचा त्याने विचार करून ठरवावा लागे. उत्तर दहांत की हजारांत, याचा अंदाज केल्यावाचून पाऊल पुढे पडत नसे. ती कोष्टके पुन्हा आणावीत, असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्याबरोबर जो अंदाज गेला, तो मात्र परत आणला पाहिजे.

या विद्यापीठाच्या क्षेत्रातील अनेक विद्यार्थ्यांना ही दृष्टी घराजवळच पाहावयास मिळते. पुणे–अहिल्यानगर मार्गावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या दरम्यान वसलेल्या सणसवाडीचेच उदाहरण पाहावे. शेतीचे हे गाव आज औद्योगिक पट्ट्यात मोडते. यंत्रावर काम करणारा जाणता कामगार यंत्र सुरळीत थांबले एवढ्यावरून तयार जॉब पुढे पाठवीत नाही. तो मायक्रोमीटर लावतो, टॉलरन्स पाहतो आणि मगच जॉब पास करतो. अशा कामगाराचा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात येऊन संगणकाचे उत्तर न मोजताच वहीत उतरवून घेत असेल, तर शिक्षणाने त्याला पुढे नेले की मागे ओढले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

आधीच भरगच्च असलेल्या अभ्यासक्रमात यासाठी वेळ कोठून आणावयाचा, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर आणखी एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका हे नव्हे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजला जातोच. त्याच तासाला त्याच लंबकाचे संगणन व्हावे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले जावेत. रसायनशास्त्रात विक्रियेच्या वेगाचे मापन होतेच; तेथेही हाच मार्ग मोकळा आहे. यासाठी भाषेचे ज्ञान थोडके पुरते; विषयाचे ज्ञान मात्र पक्के लागते, आणि म्हणून हे अध्यापन ज्या त्या विषयाच्या अध्यापकानेच करणे इष्ट होय.

अखेरीस प्रश्न मूल्यमापनाचा उरतो. परीक्षा ज्याला गुण देते, तेच विद्यार्थी शिकतो. आज्ञावली लिहिण्यास जसे गुण, तसेच टप्पा निम्मा करून पाहण्यास, एकके जुळविण्यास आणि उत्तर ज्ञात असलेल्या सोप्या प्रसंगी ताळा घेण्यास स्वतंत्र गुण असावेत. जुन्या शाळेत ताळा केल्याशिवाय गणित पुरे झाले असे मानीत नसत. संगणकाने आकडेमोडीचे श्रम हलके केले आहेत. ताळ्याची जबाबदारी मात्र त्याने आपल्याकडे घेतलेली नाही.